वासावर सोडलेला माल

थोरल्यानं जेवणाला नावं ठेवणं सोडलं होतं, आणि हे त्याच्या आईला कुणी तोंडावर अपमान करावा तसं लागलं होतं. इतकी वर्षं हा मुलगा जेवायला बसला की आधी मान पुढे काढायचा, पातेल्यावरचं झाकण उचलायचा आणि बायकोकडे न बघता जाहीर करायचा, "कांदा करपलाय," नाहीतर "तेल जुनं आहे," नाहीतर "ही भाजी काल चिरून ठेवलेली ना गं?" सून तोंड फिरवून पुटपुटायची, भांडी जरा जोरात आपटायची, घर घरासारखं वाटायचं. अलीकडे मात्र तो यायचा, पुढ्यात येईल ते गिळायचा, वरून मीठ घ्यायचा, मिरची कचाकचा चावायचा आणि "चांगलं झालंय" म्हणून उठायचा. सगळंच चांगलं. कालचं आणि आजचं, करपलेलं आणि कच्चं, सगळं एकाच मापानं चांगलं. सून खुशीत होती. "सुधारले हो तुमचे चिरंजीव," असं ती दोनदा म्हणाली. "सुधारायला तो बिघडला होता कधी?" सासूनं तिथल्या तिथे फटकारलं, पण आतून तिला चैन नव्हतं. या वयात माणसं सुधारत नाहीत हे तिला पक्कं ठाऊक होतं. या वयात माणसं कुठेतरी निघून जातात आणि जेवायला नुसतं अंग पाठवून देतात.

त्या रविवारी सकाळी ती खाली लाँड्रीत होती. खाली लाँड्री, वर दोन खोल्या, त्यांच्यावर गच्ची, आणि हे सगळं आपण एका इस्त्रीवर उभं केलं हे ती नव्या माणसाला पहिल्याच भेटीत ऐकवायची, म्हणजे पुढे बोलणं कसं करायचं ते त्याचं त्याला कळावं. लॉजच्या चादरी भिजत घालताना जिन्यातून वास उतरला. पगारी इस्त्रीवालासुद्धा मान वर करून म्हणाला, "बाई, दूध लागलं तुमचं." गुडघ्यांना शिव्या घालत ती वर चढली. स्वयंपाकघर धुरकट झालं होतं, पातेल्याच्या कडेनं तपकिरी फेस वाळून कडक झाला होता, आणि शेगडीपासून हातभर अंतरावर थोरला पेपर वाचत बसला होता, फोटोत बसतात तसा निवांत. तिनं गॅस बंद केला. बटणाच्या त्या टक् आवाजानं त्यानं मान वर केली. त्याचे डोळे आधी पातेल्यावर गेले, मग धुरावर, मग तिच्या तोंडावर, सांडलेली नाणी कुणी बघायच्या आत गोळा करावीत तशी त्यानं घाईघाईनं एकेक गोष्ट गोळा केली आणि म्हणाला, "हो, वास आला मला. म्हटलं खाली चादरबिदर जळली." पातेलं उचलून तिनं मोरीत ठेवलं, त्यात पाणी सोडलं, आणि पाण्याचा चर्र आवाज होईस्तोवर पाठ करून उभी राहिली. जळलेली चादर आणि जळलेलं दूध यांत गल्लत करणारा माणूस या घरात जन्मला नव्हता.

हे तिनं त्याला शिकवलं होतं. म्हणजे शिकवलं असं नाही, तो तिच्या पायात घोटाळत वाढला आणि ते त्याच्या अंगी लागलं. चार यत्तांच्या पुढे तिला कुणी शाळेत घातलं नाही, पण गिऱ्हाइकानं शर्ट पुढे केला की त्यावरचा डाग कशाचा आहे हे विचारायची तिला कधी गरज पडली नाही. माणसं डागाबद्दल खोटं बोलतात. चहा सांडला म्हणतात आणि औषध असतं, गंज म्हणतात आणि रक्त असतं, बायकोला काय सांगितलंय तेच लाँड्रीत सांगतात. ती कापड उचलून नाकाशी न्यायची, एकदाच, आणि म्हणायची, "दादा, पेट्रोल आहे हे, इस्त्रीखाली पेटलं असतं माझ्या." पोरगा बघत बसायचा. मग एक दिवस तो तिच्या आधी बोलला. ती किती हरखली होती! त्याच काळात एका नव्या बाईनं ब्लीचच्या बादलीत फरशीचं अ‍ॅसिड ओतलं, जास्त पांढरं निघेल म्हणून. ती स्वतः मागच्या अंगणात होती, आणि पोरगाच ओरडत आला, "आई, बादली वेगळाच वास मारतेय." त्या बाईला दोघांनी ओढून रस्त्यावर आणली, नंतर कितीतरी दिवस ती बाई बोलायची ते घासल्या पत्र्यासारखं. त्या दिवशी पोराच्या आईनं ब्लीच आणि अ‍ॅसिडच्या बाटल्यांच्या मधे भिंत बांधून घेतली, खरोखरची, विटांची, कंबरेएवढी. गवंडी हसला होता. "बाटल्या काय चालत जातात का बाई एकमेकींकडे?" "बाटल्या नाही जात," ती म्हणाली होती, "माणसं नेतात. तू वीट लाव."

म्हणून पुढे थोरला शिकला, कारखान्यांचा विषारी कचरा जिथे आणतात त्या प्लांटवर लागला, आणि जेवताना तिथले कायदे सांगायला लागला, तेव्हा सुनेला जांभया यायच्या पण तिला सगळं कळायचं. परवान्यात काय काय लिहिलंय ते तो बोटांवर मोजून सांगायचा. दोन प्रकारचा माल शेजारी आला तर मधे भिंत हवी. बरोबर. ड्रमांच्या रांगांमधे माणूस चालेल एवढी वाट हवी, म्हणजे कुठला ड्रम पाझरतोय ते दिसतं. बरोबर. खाली पन्हळ हवी, माल काढत नसाल तेव्हा झाकण घट्ट हवं, ड्रमवरचं नाव वाटेच्या बाजूला हवं. बरोबर, बरोबर, कपड्यांच्या गाठोड्यांचंही तेच. आणि सगळ्यात मोठी गोष्ट गेटवर: ट्रक आला की कागदावर काय लिहिलंय यावर विश्वास ठेवायचा नाही. ड्रममधे काचेची नळी तळापर्यंत घालून नमुना काढायचा, कारण वर एक तरंगतं आणि खाली दुसरंच बसलेलं असतं. पट्ट्या बुडवायच्या, लॅबमधे पाठवायचं, कागदाशी जुळलं तरच माल आत. "म्हणजे गिऱ्हाईक खोटं बोलतं हे सरकारलाही कळलं म्हणायचं," ती म्हणाली होती, आणि थोरला घास तोंडात ठेवून हसला होता.

एकदा प्लांटनं घरच्या मंडळींना बोलावलं होतं. ती ठेवणीतलं नेसून गेली होती. पिवळे पट्टे, उंच कुंपण, कवटीच्या पाट्या. सगळं इतकं नीटनेटकं की तिला मनातून आपल्या लाँड्रीची लाज वाटली, आणि ती वाटली याचा रागही आला. गेटवर ट्रक आला. थोरल्यानं एका ड्रमचं झाकण सैल केलं, तोंड लांबच ठेवून तळव्यानं हवा हलकेच स्वतःकडे लोटली, हार्मोनियमचा भाता ओढावा तशी, एक क्षण डोळे मिटले आणि म्हणाला, "कागदावर आहे तो माल हा नाही. परत न्या." ड्रायव्हरनं आईबहिणीवरून तोंड सोडलं. नंतर लॅबनं सांगितलं, थोरला बरोबर होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मोठे साहेब तिला म्हणाले, "बाई, तुमचा मुलगा आमचं मशीन आहे मशीन. हा असताना दुसरं मशीन कशाला लागतंय?" तेव्हापासून तिथं सगळे त्याला मशीनच म्हणायचे. ट्रकांची रांग हटेना झाली की साहेब म्हणायचे, मशीनला बोलवा. आणि हळूहळू ती नळी भिंतीवर टांगलेली राहिली, पट्ट्यांची पेटी कपाटात गेली, लॅबचे आकडे थोरला बसल्या जागी भरायला लागला. हे तो सांगायचा ते हसत. ती ऐकायची तेही हसत. गल्लीत तिनं ही गोष्ट इतक्यांदा सांगितली होती की बायका पुढचं वाक्य तिच्या आधी म्हणायच्या.

मोरीत पातेलं घासताना तिनं डाव्या हाताच्या चिमटीत नाक धरून बघितलं. कांद्याची फोड तोंडात टाकली. ओला कागद. पुन्हा चावली, जिभेला जरा चुरचुर, बाकी ओला कागद. नाक सोडल्यावर कांदा, धूर, साबण, खालच्या वाफेचा तो उबट सुती वास, सगळं घर एकदम अंगावर धावून आलं, आणि तिला मुलाबद्दल आयुष्यात फारसं कधी वाटलं नव्हतं ते वाटलं, की हा कुठे राहतोय मग? आपल्या शेजारी बसून हा कुठल्या रिकाम्या घरात राहतोय? त्या कळवळ्याच्या मागोमाग दुसरं एक चित्र आलं. गेट. तळवा. हवा लोटणारा तळवा.

दुपारी धाकटी आणि जावई जेवायला आले. जावयाला त्याच प्लांटवर थोरल्यानंच लावलं होतं. गेटमधून आलेला माल शेडमधे उघडून टाकीत रिकामा करायचं काम. हसरा, गुबगुबीत, खाण्याचा शौकीन माणूस. सासूला तो जरा बावळट वाटायचा आणि म्हणूनच तिचा त्याच्यावर जीव होता. "डोळे का लाल हो बापू?" तिनं वाढताना विचारलं. "काही नाही आई, काल एक ड्रम फुगून टेकडी झाला होता. कागदावर तेलपाणी. झाकण जरा फिरवलं नि जे फुस्स केलंय त्यानं! मी आपला तोंड बाजूला करून होतो म्हणून बरं, नाहीतर तुमच्या लेकीला दुसरा बघायला लागला असता." "याहून गोरा बघीन," धाकटी म्हणाली. सून फिसकन हसली. "तेलपाणी फुगतं का?" सासूनं विचारलं. "पत्र्याच्या ड्रममधे अ‍ॅसिड भरलं की फुगतं. आता ते तेलाच्या नावानं आत आलं कसं, ते या मशीनला विचारा. एखादवेळ चुकतो की माणूस, काय दादा?" जावयानं मेव्हण्याच्या पाठीवर थाप मारली. थोरल्यानं ताटातून मान वर न काढता म्हटलं, "मीठ द्या जरा."

तिनं मीठ दिलं. गप्पा चालू होत्या, धाकटी घरमालकाची नक्कल करत होती, आणि तिला फक्त जावयाची बोटं दिसत होती, रस्सा भरलेली, गुबगुबीत, झाकणं फिरवणारी. एका माणसानं सोडलं म्हणून दुसऱ्यानं फिरवायचं. शेडमधल्या या माणसाला स्वतःला काही कळायची गरजच नव्हती. गेटवर एकदा कुणीतरी कळून घेतलंय यावर त्याचा श्वास चालला होता.

जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "थोरल्या, गच्चीवर चल. चादरी उतरवायच्यात." सून म्हणाली मी येते. "तू बस, तुझी उंची पुरत नाही." ते खोटं होतं, पण सुनेला आराम मिळत होता म्हणून तिनं वाद घातला नाही. लॉजच्या चादरी दोघांनी धरून घडी करायच्या असतात. दोन टोकांना दोघं, ताणायची, झटकायची, मग चालत एकमेकांकडे येऊन कोपऱ्याला कोपरा लावायचा. लहानपणी तो हे करताना नाचायचा. पहिली चादर घडी करून ठेवली. दुसऱ्या चादरीला, कोपरे जुळवताना, त्याचं तोंड वीतभर अंतरावर आलं तेव्हा तिनं विचारलं, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"माझ्याशी खेळू नकोस. तुझी दुपटी मी धुतलीत."

तो मागे सरकला, चादर ताणली. मधे पांढरं कापड आणि त्यावर ऊन, त्याच्याकडे बघवेना. मग पुन्हा चालत आला. "मागे ताप येऊन सर्दी झाली होती बघ. ताप गेला, सर्दी गेली, वास काही परत आला नाही. डॉक्टर म्हणाला येईल कदाचित. कदाचित नाहीच." असं म्हणून तो हसला, आणि ते हसू तिला त्याच्या बापाचं वाटलं, अडचणीत सापडल्यावरचं, दुसऱ्याच्या खांद्यावरून पलीकडे बघणारं. तिला क्षणभर वाटलं की चादर टाकावी आणि याचं डोकं छातीशी धरावं. तिनं घडी मारली.

"आणि गेटवर?"

"गेटवर काय. ड्रायव्हरचं तोंड बघतो. घाईत आहे का, नजर चुकवतो का. ड्रमचा गंज बघतो, कुठल्या कारखान्याचा ते बघतो. अनुभव असतो ना आई."

"आणि हात हलवतोस?"

शेजारच्या गच्चीवर कुणीतरी गादी बडवत होतं. "हलवतो."

"कशाला?"

"लोक बघत असतात."

तिला वाटलं, इथून खाली बघू नये, तोल जाईल. लोक बघत असतात. तिनंच बघितलं होतं की, ठेवणीतलं नेसून. "मग उद्यापासून नळी काढ. परवान्यात लिहिलंय तसं कर."

"एवढं सोपं असतं होय? नळी काढली की पहिल्याच ट्रकला विचारतील, आज काय झालं मशीनला. मग मागचं सगळं उकरतील. लॅबचे आकडे माझे, सह्या माझ्या. परवाना जाईल, प्लांटला कुलूप लागेल, मी आत जाईन. आणि बापूची नोकरी? ती धरलीस का हिशेबात? पोरीचा संसार उघड्यावर येईल ते?" तो एकदम तिच्या आवाजात बोलायला लागला होता, तिच्याच चढ्या पट्टीत, आणि त्यात काही चूक सापडत नव्हती. हे सगळं होणार होतं. लेकीचं भाड्याचं घर, जावयाचा डबा, थोरल्याच्या अंगावरचा तो इस्त्रीचा शर्ट, गल्लीतल्या बायकांची तोंडं. गप्प बसलं तर यातलं सगळं उद्याही असणार होतं. सोमवारीही, मंगळवारीही. एखाद्या दिवशी फक्त एक ड्रम. गप्प बसणं इतकं गुळगुळीत असतं हे तिला माहीत नव्हतं; ती आयुष्यात फारशी गप्प बसलीच नव्हती.

"आणि आई," तो हळू आवाजात म्हणाला, "अजून काही झालंय का? नाही ना झालं?"

तिनं तिच्या हातातले कोपरे सोडले. धुतलेली, वाळलेली, लॉजची चादर गच्चीच्या धुळीत पडली, आणि ती उचलायला न वाकता ती जिना उतरली. तो मागोमाग आला, "आई, अगं ऐक, आई," करत.

खाली धाकटी चपला घालत होती. "बसा बापू," सासू म्हणाली. "घाई आहे का?"

"घाई कसली, पण उद्या पहाटे शेड उघडायचीय. परवा दादांनी गाडीभर माल सोडलाय."

"तो तुम्ही उघडणार?"

"मग कोण? दादांनी सोडलेला माल म्हणजे डोळे झाकून—"

"डोळे झाकूनच," ती म्हणाली. "सांग रे त्यांना."

थोरला दारात उभा होता. सून आतून हात पुसत आली आणि सासूचं तोंड बघून तिथेच थांबली. सासूच्या मनात आलं, हा नाही बोलला तर आपल्याला बोलावं लागेल, आणि मग हा आयुष्यभर म्हणेल की आईनं मला बुडवलं. तिनं तयारीही केली तशी. तेवढ्यात तो जमिनीकडे बघत म्हणाला, "बापू, मला वास येत नाही. बरेच दिवस झाले."

जावई हसला. "चला, काहीतरीच." मग कुणीच हसत नाही असं बघून त्याचा हात आपोआप स्वतःच्या डोळ्यांपाशी गेला आणि तिथेच राहिला. "म्हणजे तो कालचा ड्रम..."

"कालचा काय, सगळेच," ती म्हणाली.

"दादा," धाकटी म्हणाली. नुसतं एवढंच. एक चप्पल पायात, एक हातात. जावई खाली बसला, जागा न बघता, धुवायच्या कपड्यांच्या गाठोड्यावरच.

"पण अजून काही झालं नाही ना," थोरला म्हणाला. आता बहिणीकडे बघून, अजिजीनं. "काही झालं असतं तर मी स्वतःहून—"

"गप," आई म्हणाली. ती ओरडली नाही. गिऱ्हाइकाला कपडा परत करताना जसं बोलायची तसं बोलली. "उद्या बापू झाकणाला हात लावणार नाहीत. आत्ता, माझ्यासमोर, साहेबांना फोन करायचा आणि मला सांगितलंस ते त्यांना सांगायचं. कुलूप लागतंय तर लागू दे, तू आत जातोस तर जा, तुझ्या बायकोला आणि या दोघांना इस्त्री हातात देऊन मी पोसीन. वास गेला त्याचं मी तुला एक अक्षर बोलणार नाही, तो आजार आहे. पण तू विचारलंस, अजून काही झालंय का. तेवढ्यापुरतं ऐक. असले नियम कुणी जेवण झाल्यावर बडीशेप चघळत लिहीत नाही रे. आधी कुणाचं तरी मढं निघतं, मग लिहितात."

"आई!" धाकटी किंचाळली. "अशुभ काय बोलतेस, हे समोर बसलेत!"

"समोर बसलेत म्हणूनच बोलतेय," ती म्हणाली, आणि तिनं थोरल्यावरची नजर काढली नाही. "ज्यांनी लिहिले त्यांनी परक्यांची मढी बघून लिहिले. तू घरातलं मढं बघून ते वाचणार होतास."